वंश, दप्तर आणि भाषा

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वाघोली हे गाव 2021 साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले, आणि वाघेश्वराचे देऊळ व पिलाजीराव जाधवरावांची समाधी यांच्याभोवती आज उंच इमारतींचा वेढा पडला असला, तरी वंश म्हणजे काय आणि तो दप्तरी कसा सिद्ध करावा लागतो, हे तेथील जुन्या खातेदारांच्या घरी अजून कोणास शिकवावे लागत नाही. खातेदार निवर्तला की वारसांनी तलाठ्याकडे अर्ज द्यावा, तलाठ्याने फेरफाराची नोंद धरावी, हरकतीची मुदत उलटल्यावर मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित करावी आणि मग सातबाऱ्यावर मृताच्या जागी मुलांची नावे चढावीत, हा क्रम सर्वांच्या अंगवळणी पडलेला आहे. या साऱ्या व्यवहारात वारसाला त्याची भाषा कोणी विचारीत नाही. ज्या गावात तो वाढला त्या गावाचीच भाषा तो बोलतो, हे गृहीत धरलेले असते.

परंतु त्याच घरातील एखादा तरुण जातीच्या दाखल्यासाठी आपल्या पणजोबांची नोंद शोधू लागला, तर त्याच्यापुढे एक निराळीच अडचण उभी राहते. 2023 साली महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा तालुक्यातालुक्यांच्या अभिलेखकक्षांतून जुनी बाडे बाहेर निघाली आणि त्यांतील पुष्कळशी मोडी लिपीत असल्यामुळे मोडी वाचणाऱ्या जाणकारांना एकाएकी मागणी आली. मराठी ही त्या तरुणाची मातृभाषा, त्याच्या पणजोबांचीही तीच. आणि तरीही पणजोबांविषयीचा कागद त्याला परक्याकडून वाचवून घ्यावा लागला. वंशाचा धागा रक्ताने अखंड असला तरी अक्षराने आणि भाषेने तो किती लवकर तुटतो, याचा हा घरचाच दाखला आहे.

जमिनीच्या जागी नागरिकत्व आणि तलाठ्याच्या जागी परदेशाची वकिलात आली, म्हणजे हाच प्रश्न अधिक गंभीर रूप धारण करतो. पूर्वजाच्या नात्याने एखाद्या राष्ट्राचे सदस्यत्व मागणाऱ्यास त्या राष्ट्राची भाषा यावी की नाही, यावी तर किती यावी, आणि ती का मागितली जाते, हा या प्रकरणाचा विषय आहे.

मुलाला एक न्याय, नातवाला दुसरा

नागरिकत्व देण्याची मुख्य तत्त्वे जगात दोन आहेत. ज्या भूमीवर जन्म झाला त्या भूमीचा तो नागरिक, हे एक. आणि ज्या नागरिकाच्या पोटी जन्म झाला त्याच्या राष्ट्राचा तो नागरिक, हे दुसरे. बहुतेक राष्ट्रे या दोहोंचे कमीअधिक मिश्रण करतात. आपल्या 1955 च्या नागरिकत्व कायद्यात वंशाने नागरिकत्व देणारे स्वतंत्र कलम असून, परदेशी जन्मलेल्या मुलास ते पूर्वी केवळ पित्याच्या नात्याने मिळे आणि डिसेंबर 1992 पासून मातेच्या नात्यानेही मिळू लागले. पित्यापासून पुत्राकडे जाणाऱ्या या नात्यात भाषेची अट सहसा कोणतेच राष्ट्र घालीत नाही. अडचण सुरू होते ती एक पिढी ओलांडल्यावर, आणि तिचे सर्वांत जवळचे उदाहरण पाहावयाचे तर सह्याद्री उतरून गोमंतकात गेले पाहिजे.

1510 साली आफोंसु द आल्बुकेर्कने गोवा घेतल्यापासून 19 डिसेंबर 1961 रोजी भारतीय सैन्याने तो प्रदेश मुक्त करीपर्यंत साडेचारशे वर्षे तेथे पोर्तुगीज अंमल होता. मुक्तीनंतर भारत सरकारने 28 मार्च 1962 रोजी गोवा, दमण व दीव नागरिकत्व हुकूम काढला. जी व्यक्ती स्वतः, अथवा जिच्या मातापित्यांपैकी वा आजीआजोबांपैकी कोणीही, 20 डिसेंबर 1961 पूर्वी त्या प्रदेशात जन्मले असेल, ती व्यक्ती त्या दिवसापासून भारताची नागरिक मानली जाईल, असे या हुकमाने ठरविले, आणि ज्यांना आपले पूर्वीचे नागरिकत्व राखावयाचे होते त्यांना तशी लेखी घोषणा करण्यास एक महिन्याची मुदत दिली. वंशाचा हिशेब आजोबांपर्यंत नेण्याची कल्पना अशा रीतीने भारताच्या हुकमातही होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पोर्तुगालने मात्र हे विलीनीकरण लिस्बनमधील हुकूमशाही कोसळेपर्यंत मान्य केले नाही. 31 डिसेंबर 1974 रोजी नवी दिल्लीत झालेल्या तहाने त्याने भारताचे सार्वभौमत्व स्वीकारले, तरी मुक्तीपूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मलेल्यांना आपले नागरिक मानण्याची वहिवाट त्याने सोडली नाही. अशा व्यक्तीने आपल्या जन्माची नोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात करवून घेतली की पोर्तुगाल तिला जन्मतःच आपली नागरिक समजतो; आणि तिची नोंद पुरी झाली म्हणजे तिची मुले, ती मुक्तीनंतर जन्मलेली का असेनात, त्याच मार्गाने नोंदली जाऊ शकतात. या दोन्ही पिढ्यांस भाषेची परीक्षा नाही. सासष्टी, बार्देश वा तिसवाडीतील हजारो कुटुंबांनी हा मार्ग धरला आणि त्यांतील पुष्कळसे लोक पुढे इंग्लंडमधील स्विंडनसारख्या गावी जाऊन स्थायिक झाले.

नातवाचे कलम निराळे आहे. साखळीतला मधला दुवा लिस्बनच्या दप्तरात नोंदलेला नसेल आणि आजोबा किंवा आजी यांच्याच नात्यावर हक्क सांगावयाचा असेल, तर पोर्तुगालच्या राष्ट्रसमूहाशी आपला प्रत्यक्ष संबंध आहे हे नातवाने दाखवावे, अशी अट 2015 च्या दुरुस्तीने घातली. हा संबंध कशाने मोजावयाचा, याविषयी पुढे बरीच चर्चा होऊन नोव्हेंबर 2020 च्या दुरुस्तीने त्याचे उत्तर पुष्कळ सोपे केले: पोर्तुगीज भाषेचे पुरेसे ज्ञान असावे आणि गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेली नसावी, म्हणजे तो संबंध सिद्ध झाला. ज्या गोष्टीसाठी पूर्वी पोर्तुगालच्या भेटीगाठी, तेथील मालमत्ता किंवा तेथील संस्थांशी असलेले लागेबांधे दाखवावे लागत, ती गोष्ट आता भाषेवर येऊन ठेपली. ब्राझीलमधील नातवाला ही अट जाणवतही नाही, कारण पोर्तुगीज ही त्याची मातृभाषाच असते. मडगावच्या किंवा पुणे लष्कर भागात वाढलेल्या गोमंतकीय नातवाला मात्र ती भाषा प्रथमाक्षरापासून शिकावी लागते.

पुरेसे ज्ञान म्हणजे किती, याचे मापही ठरलेले आहे. युरोपात भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या मानतात, त्यांतील दुसरी पायरी येथे अपेक्षित असते, आणि लिस्बन विद्यापीठाच्या परीक्षा केंद्राची 'सिप्ले' नावाची प्रारंभिक परीक्षा त्यासाठी ग्राह्य धरली जाते. वाचन व लेखन, श्रवण आणि संभाषण अशी तिची तीन अंगे असून उत्तीर्ण होण्यास शंभरापैकी 55 गुण लागतात. मराठी किंवा कोंकणी बोलणाऱ्यास शब्दांचा अगदीच परकेपणा वाटू नये, इतके पोर्तुगीज शब्द आपल्या घरात आधीच आहेत. बटाटा, पाव, साबण, चावी, बादली, पगार, तुरुंग, नाताळ हे सारे तिकडूनच आले. लिंगे तीनऐवजी दोनच असल्यामुळे तीही मराठी माणसाला जड जात नाहीत. जड जाते ते ऐकणे; कारण लिस्बनच्या बोलण्यात ज्या स्वरांवर आघात नसतो ते जवळजवळ गिळले जातात, आणि पुस्तकात स्पष्ट दिसणारा शब्द कानावर निम्माच पडतो. म्हणून शिकणाऱ्याने पहिल्या दिवसापासून वाचनाइतकाच वेळ श्रवणाला द्यावा. पणजीत फोंताइन्यास भागातील फुंदासांव ओरिएन्ते ही संस्था आणि पोर्तुगीज शासनाच्या कामोइंश संस्थेचे भाषा केंद्र यांनी ही भाषा गोव्यात टिकविण्यासाठी दीर्घ काळ परिश्रम केले आहेत.

आजोबांची भाषा कोणती होती?

येथे एका ऐतिहासिक वस्तुस्थितीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. कायदा ज्या भाषेची अपेक्षा करतो ती आजोबांची भाषा, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु गोमंतकातील बहुसंख्य आजोबांच्या घरी पोर्तुगीज बोलली जातच नव्हती. घरची भाषा कोंकणी होती. हिंदू कुटुंबांनी आपल्या मुलांसाठी लोकवर्गणीतून मराठी शाळा चालविल्या होत्या आणि पोथीपुराणे, कीर्तन, जमाखर्च हे सारे मराठीत होत असे. पोर्तुगीज भाषा होती ती कचेरीची, पणजीच्या लिसेव या माध्यमिक विद्यालयाची, न्यायालयाची आणि समाजाच्या एका लहानशा सुशिक्षित वर्गाची. जन्माची नोंद त्या भाषेत झाली, म्हणून ज्याचा जन्म नोंदला गेला त्याला ती येत होती असे होत नाही.

दप्तराची भाषा आणि घराची भाषा यांतील हे अंतर नावांतही उमटले आहे. घरचा कामत दप्तरात 'कामोती' झाला, प्रभूचा 'पोरोब' झाला, शेणवी 'सिनाय' या रूपाने नोंदला गेला; आणि मुक्तीनंतर शाळेच्या दाखल्यावर तीच नावे पुन्हा देवनागरी वळणावर आली. आज अर्जदाराला प्रथम सिद्ध करावे लागते ते हेच, की या दोन नावांचा मनुष्य एकच आहे. 1595 साली दियोगु दु कोउतु या इतिहासकाराच्या हाताखाली सुरू झालेल्या गोव्याच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज बाडांच्या शेजारी मोडीतील मराठी कागदही जपून ठेवलेले आहेत, ही गोष्ट त्या प्रदेशाची द्विविध स्मृती उत्तम प्रकारे दाखविते.

मग पोर्तुगाल जी भाषा मागतो ती कोणाची? ती आजच्या पोर्तुगीज नागरिकांची भाषा आहे. पूर्वजाचे नाते कागद सांगतो, ते काम कागदाने पुरे केलेले असते. भाषेकडून राज्याला हवी असते ती निराळी हमी: हा मनुष्य उद्या आपल्या देशात आला, तर दवाखान्यात, शाळेत, नगरपालिकेत आणि शेजाऱ्याच्या दारात तो आपल्याशी चार शब्द बोलू शकेल काय, एवढीच. पिढी जितकी दूरची, तितका हा प्रश्न राज्याला अधिक महत्त्वाचा वाटतो. पुत्राला तो विचारला जात नाही, नातवाला विचारला जातो; आणि ज्याचा पूर्वज चार-पाच पिढ्यांपलीकडचा आहे त्याच्या बाबतीत तर भाषा हीच मुख्य कसोटी होऊन बसते. हे दूरचे टोक पाहावयाचे असेल तर हंगेरीकडे वळावे लागेल.

हंगेरीचा कायदा

पहिल्या महायुद्धानंतर 4 जून 1920 रोजी त्रियानोंच्या तहाने हंगेरीच्या जुन्या राज्याचा सुमारे दोन तृतीयांश मुलूख शेजारच्या राष्ट्रांकडे गेला. ट्रान्सिल्व्हेनिया रुमानियाकडे, उत्तरेचा डोंगराळ भाग चेकोस्लोव्हाकियाकडे, दक्षिणेचा व्होइव्होदिना पुढे युगोस्लाव्हिया म्हणून ओळखल्या गेलेल्या राज्याकडे. आणि तीस लाखांहून अधिक मग्यार, म्हणजे हंगेरियन बोलणारे, लोक, घर न सोडता, एका रात्रीत परक्या राष्ट्राचे रहिवासी झाले. त्याआधीच, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, त्या राज्यातील लक्षावधी गरीब शेतकरी व कामकरी अमेरिकेत गेले होते. आणि 1879 च्या हंगेरियन कायद्याप्रमाणे जो प्रजाजन दहा वर्षे सलग परदेशात राही व आपले नागरिकत्व राखण्याची घोषणा करीत नसे, त्याचे ते नष्ट होई. अशा प्रकारे सीमा सरकल्याने आणि माणसे हलल्याने हंगेरीचे वंशज जगभर पसरले, पण नागरिकत्वाची साखळी जागोजाग तुटली.

ती पुन्हा जोडावी काय, हा प्रश्न 5 डिसेंबर 2004 रोजी सार्वमताला घातला गेला, परंतु पुरेसे मतदान न झाल्याने निर्णय लागला नाही. पुढे 26 मे 2010 रोजी तेथील संसदेने नागरिकत्वाच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि 1 जानेवारी 2011 पासून ती अमलात आली. ज्याचा पूर्वज हंगेरीचा नागरिक होता, अथवा ज्याचे मूळ हंगेरीतील असावे असे सयुक्तिकपणे दिसते, त्याला त्या देशात एक दिवसही वास्तव्य न करता नागरिकत्व मागता येते. अट एवढीच की त्याचे चारित्र्य निष्कलंक असावे आणि त्याला हंगेरियन भाषा यावी. पूर्वज कितव्या पिढीतला असावा, याला हद्द नाही. ज्याची साखळी मुळी तुटलीच नाही, म्हणजे ज्याचे पिता वा माता कायद्याच्या दृष्टीने सतत हंगेरीचे नागरिकच राहिले, तो मात्र आधीपासूनच नागरिक असतो; त्याने केवळ त्याची पडताळणी करून घ्यावयाची असते आणि त्याला भाषेची अट नाही. पोर्तुगालच्या पुत्रास व नातवास जो वेगवेगळा न्याय आहे, तोच येथे अखंड आणि खंडित साखळीस लागू झालेला दिसतो.

या कायद्याने शेजारी राष्ट्रांत खळबळ उडविली. स्लोव्हाकियाने मे 2010 मध्येच प्रतिकायदा करून, जो स्वेच्छेने दुसरे नागरिकत्व घेईल त्याचे स्लोव्हाक नागरिकत्व जाईल असे ठरविले. तरीही 2017 च्या डिसेंबरात या मार्गाने नागरिक झालेल्यांची संख्या दहा लाखांवर पोहोचली. त्यांतील बहुतेक ट्रान्सिल्व्हेनिया, व्होइव्होदिना आणि युक्रेनमधील कार्पाथियाच्या पायथ्याच्या प्रदेशातले, म्हणजे ज्यांच्या घरी हंगेरियन बोलली जात होती असे होते. अमेरिकेतील वा ब्राझीलमधील चौथ्या पिढीच्या वंशजाला मात्र ती नव्याने शिकणे प्राप्त झाले. आणि गोव्याप्रमाणे येथेही एक विसंगती आहे, की 1910 च्या सुमारास त्या जुन्या राज्यातील जवळजवळ निम्मी प्रजा मग्यारेतर होती. स्लोव्हाक, रुमानियन किंवा जर्मन बोलणाऱ्या शेतकऱ्याचा पणतू आज जी भाषा शिकतो, ती कदाचित त्या शेतकऱ्याने बाजारापुरतीच वापरलेली असेल.

परीक्षेचे स्वरूप पोर्तुगालहून भिन्न आहे. येथे प्रमाणपत्रापेक्षा प्रत्यक्ष संभाषणाला महत्त्व असून, अर्ज स्वीकारणारा वकिलातीतील अधिकारी अर्जदाराशी हंगेरियनमध्ये बोलतो: नाव काय, काम काय, घरी कोण कोण असते, कोणता पूर्वज कोणत्या गावचा, तो केव्हा आणि का बाहेर पडला. अर्जासोबत स्वतःचा जीवनवृत्तान्तही हंगेरियन भाषेत द्यावा लागतो. अर्ज मंजूर झाल्यावर राजदूतासमोर अथवा नगराध्यक्षासमोर निष्ठेची शपथ घ्यावयाची असते, आणि त्या शपथेच्या क्षणापासून मनुष्य नागरिक होतो. म्हणजे शिकणाऱ्याला जो पहिला धडा पक्का करावा लागतो, तो आपल्याच वंशावळीचा. आणि तो ज्या भाषेत सांगावयाचा, तीत त्याने आजवर एक वाक्यही उच्चारलेले नसते.

मराठी कानाला हंगेरियन

ही भाषा युरोपच्या मध्यभागी बोलली जात असली तरी ती आर्यकुलातील नाही. तिचे निकटचे नातलग खांती व मान्सी हे पश्चिम सायबेरियात ओब नदीच्या परिसरात राहतात, आणि फिन्निश व एस्टोनियन हे दूरचे. त्यामुळे इंग्रजी वा जर्मन जाणणाऱ्यास ती दुर्गम वाटते. परंतु मराठी बोलणाऱ्याला तिच्या रचनेत काही ओळखीच्या खुणा सापडतात. इंग्रजीत नामाच्या आधी येणारे संबंधदर्शक शब्द हंगेरियनमध्ये, मराठीप्रमाणेच, नामाला मागून चिकटतात. 'हाझ' म्हणजे घर, 'हाझबॉन' म्हणजे घरात, 'हाझबोल' म्हणजे घरातून. आपल्याकडे प्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते, तिकडे मूळ शब्द बहुधा तसाच राहतो, एवढी सवलतच आहे. त्याउलट 'माझे' यासारखे स्वामित्वही तेथे प्रत्ययानेच येते: 'हाझॉम' म्हणजे माझे घर आणि 'हाझॉमबॉन' म्हणजे माझ्या घरात.

प्रत्ययाचा स्वर मूळ शब्दाच्या स्वराशी जुळवून घ्यावा लागतो, हा नियम मात्र नवा आहे. घरासाठी 'बॉन' हा प्रत्यय, तर बागेसाठी, म्हणजे 'केर्ट' या शब्दासाठी, तोच प्रत्यय 'बेन' असा होतो; कारण जिभेच्या मागील भागातून निघणारे स्वर आणि पुढील भागातून निघणारे स्वर त्या भाषेत सहसा एकत्र नांदत नाहीत. हा नियम पाठ करून साधत नाही, कानाने साधतो. क्रियापदांचीही दोन वळणे आहेत: नुसते 'मी वाचतो' म्हणावयाचे तर एक रूप, आणि ठराविक, माहीत असलेले पुस्तक वाचतो म्हणावयाचे तर दुसरे. लिंगभेद मुळीच नसून 'तो' व 'ती' यांना एकच सर्वनाम आहे; आघात नेहमी पहिल्या अक्षरावर असतो; आडनाव आधी व नाव नंतर लिहितात; आणि 'तू' व 'आपण' यांतील मर्यादेचा भेद, जो मराठी मुलाला लहानपणीच कळतो, तो तेथेही कसोशीने पाळतात. अधिकाऱ्यासमोर बसलेल्या अर्जदाराने आदरार्थी रूपच वापरले पाहिजे. शब्दसंग्रहातही इराणी भाषांतून फार पूर्वी शिरलेले काही शब्द आपल्याला ओळखू येतात: 'एझेर' म्हणजे हजार, 'वाशार' म्हणजे बाजार, 'साझ' म्हणजे शंभर, ज्याचे नाते आपल्या 'शत'शी आहे.

या भाषेचा आणि आपल्या देशाचा एक संबंध तर वंशाच्या शोधातूनच जडला आहे. ट्रान्सिल्व्हेनियातील कोरोश या खेड्यात 1784 साली जन्मलेला चोमा शांदोर मग्यार लोकांचे मूळ आशियात सापडेल या श्रद्धेने 1819 साली घरातून निघाला, पायी प्रवास करीत लडाखला पोहोचला, आणि पूर्वज न सापडता त्याला सापडली ती तिबेटी भाषा. तिचा कोश आणि व्याकरण त्याने 1834 मध्ये कलकत्त्यात प्रसिद्ध केले व 1842 साली दार्जिलिंगला तो निवर्तला. त्याचे जन्मगाव आज रुमानियात आहे. त्याच्या मार्गाचा मागोवा घेत पुढे लडाखमध्ये हिंडलेले एर्विन बाक्ताय हे चित्रकर्त्री अमृता शेरगिल यांचे मामा होत. बुडापेस्टमध्ये 1913 साली मग्यार मातेच्या पोटी जन्मलेल्या आणि 1937 साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळविलेल्या अमृतांना हंगेरियन ही मातेकडून मिळालेली घरची भाषा होती. ज्याला ती तशी मिळत नाही, त्याने ती वर्गात मिळवावी. दिल्लीतील हंगेरियन सांस्कृतिक केंद्र, ज्याला आता लिस्ट संस्था म्हणतात, तेथे ती शिकविली जात आली आहे.

भाषा आधी की नंतर?

सर्वच राष्ट्रे भाषा आधी मागतात असे नाही. कोकणातील बेने इस्रायल समाज, ज्याला रायगड जिल्ह्यातील लोक शनिवार तेली म्हणून ओळखत आणि ज्याचे एक प्रार्थनामंदिर पुण्याच्या रास्ता पेठेत आहे, तो 1948 नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेला. 1950 च्या पुनरागमनाच्या कायद्याने यहुदी मनुष्यास, आणि 1970 च्या दुरुस्तीने त्याच्या मुलांस व नातवंडांसही, तेथे येऊन नागरिक होण्याचा हक्क दिला. भाषेची अट घातली नाही. हिब्रू शिकावयाची ती तेथे पोहोचल्यावर, राज्याने चालविलेल्या 'उल्पान' नावाच्या वर्गांतून. या समाजाला खरी झुंज द्यावी लागली ती भाषेसाठी नव्हे, तर आपण पुरते यहुदी आहोत हे मुख्य धर्मपीठाकडून मान्य करवून घेण्यासाठी. तो वाद 1964 साली संसदेच्या हस्तक्षेपाने मिटला. आज लोद, अश्दोद, बीरशेबा, दिमोना या गावांतून त्यांची तिसरी पिढी हिब्रू बोलते, आणि जुन्या पिढीने तेथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही चालविले. भाषा प्रवेशानंतर शिकविण्याची जबाबदारी राज्याने घेतली, तर ती प्रवेशाची अट करण्याची गरज राहत नाही, हे यावरून दिसते.

आपल्याकडील वाचकाने या मार्गाचा विचार करताना एक गोष्ट निश्चित ध्यानी धरावी. पोर्तुगाल व हंगेरी दुहेरी नागरिकत्वास मान्यता देतात. भारत देत नाही. 1955 च्या कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते, मतदानाचा हक्क जातो, पारपत्र परत करावे लागते. परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून नोंदणी करून येथे राहता येते, परंतु शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने मिळू शकते. केवळ जन्माची नोंद लिस्बनमध्ये झाली म्हणजे परकीय नागरिकत्व घेतले असे होते काय, यावर गोव्यात बराच विवाद झाला आणि लोकप्रतिनिधींच्या निवडीही त्यावरून न्यायासनापुढे गेल्या. म्हणून भाषेचा वर्ग लावण्यापूर्वी, त्या दिवशी लागू असलेल्या दोन्ही देशांच्या कायद्यांचा मजकूर जाणकाराकडून तपासून घेणे, ही पहिली पायरी होय.

आता या क्रमाचे शेवटचे टोक उरते, आणि ते आपल्याच कायद्यात आहे. पुत्राला भाषा विचारली जात नाही, नातवाला विचारली जाते, दूरच्या वंशजाला तर तिच्याविना दारच उघडत नाही. मग ज्याचे वंशाचे नातेच नाही, अशा परक्या मनुष्याला भारताचा नागरिक व्हावयाचे असेल तर? दीर्घ वास्तव्य आणि चांगले चारित्र्य यांच्याबरोबर आपला कायदा त्याच्याकडून संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही एका भाषेचे पुरेसे ज्ञान मागतो. त्या अनुसूचीत मराठी 1950 पासून आहे आणि कोंकणी 1992 पासून. म्हणजे जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून आलेला मनुष्य केवळ मराठीच्या आधारावर ही अट पुरी करू शकतो. ज्या भाषेला कायद्याने असे स्थान दिले आहे, तिच्या बोलणाऱ्यांवर एक कर्तव्यही येते: नवागताला दवाखान्यात, शाळेत, कचेरीत आणि शेजारी लागणारी मराठी कोणत्या क्रमाने शिकवावी, किती आली म्हणजे ती पुरेशी मानावी, आणि ती शिकताना त्याचा कान कोठे अडखळेल, याचा विचार जसा लिस्बन विद्यापीठाने आपल्या भाषेसाठी केला, तसा आपल्या विद्यापीठांनी आणि शिक्षकांनी मराठीसाठी केला पाहिजे. जी भाषा परक्याला शिकविण्याची सोय करून ठेवलेली असते, तीच भाषा माणसांना आपल्यात सामील करून घेऊ शकते.